बिनबोलावता आलेल्या पोरी अन् मी शिट्टी

"हिंमत असंल तर चाचणीच्या टायमाला मॅडमची शिट्टी वाजवून दाखव!" अर्पिता म्हणली. अन् नववीतली भक्ती, येडी कुठली, "बघच" म्हणली.

ती शिट्टी म्हणजे मी. पितळेची हाय, उगं प्लास्टिकची समजू नका. आधीच्या कस्तुराबाई मॅडमनी मला ह्या शाळेत आणलं. त्या रिटायर झाल्या अन् मी अकरा वर्षं खडूच्या डब्यात. पोटात नुसता भुगा! मंग सुकेशनी मॅडम आल्या. त्यांनी मला चिंच लावून घासलं, गळ्यात घातलं अन् पोरांचं स्काउट असतं तसं शाळेत पोरींचं गाइड पथक सुरू केलं. बत्तीस पोरी.

आमचा नेम साधा. मी एकदा लांब वाजले की गप उभं राहायचं. तुटक-तुटक वाजले की हातातलं टाकून मैदानात पळत यायचं. कामून, ते इचारायचं न्हाई.

भक्तीनं पाण्याचं निमित्त केलं, मॅडमनी गळ्यातून काढून ठेवलेलं मला टेबलावरून उचललं अन् भिंतीआड जाऊन तुटक-तुटक फुंकलं. मला बी चेव आलता, खोटं कशाला बोलू. एकतीस पोरी गणिताचा पेपर टाकून मैदानात! ओळी धरून उभ्या! मला टेबलावर परत सरकवून बत्तिसावी ही. सगळ्यात साळसूद.

हेडसर दिनकरराव लालबुंद. "कुणी वाजवली?"

भक्तीनं वेणीची रिबीन नीट केली.

"शिट्टी माझी हाय सर, जबाबदारी माझी," सुकेशनी मॅडम म्हणल्या.

"जबाबदारीचं लोणचं घालू का? नाव पायजे मला. न्हाई तर जूनपासून पथक बंद."

मॅडमला उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनला जायचं होतं. पोरींचं हे गाइड निघालं कुठून, ते सोताच्या डोळ्यानं बघायचा त्यांचा लय दिवसांचा हट्ट. गेल्या, मला गळ्यात घालून. इमानतळावरच्या मशीननं मला बघून अशी बोंब मारली की मीच लाजले.

मला वाटलं, जिथून हे निघालं तिथं मोठा महाल असंल. होतं काय? जळून गेलेल्या काचेच्या महालाच्या पायऱ्या, गवत अन् कुत्रं फिरवणारी एक म्हातारी. मॅडमनी तिला इचारलं. म्हातारी सांगू लागली. १९०९ साली, महाल उभा होता तवा, हितं स्काउट पोरांचा मेळावा भरलता. पोरींना आवतन न्हवतं. त्याच्या आधी कैक पोरींनी स्काउटात नाव नोंदवताना नुसती पहिली अक्षरं लिहिलती, पोरगी हाय ते कळू नये म्हणून. पण त्या दिवशी काहीजणी टोप्या घालून, बिनबोलावता, सगळ्यांच्या म्होरं उभ्या राहिल्या. आमी पोरी हाव, आमाला बी हे पायजे, म्हणल्या. त्यातूनच म्होरल्या साली पोरींचं गाइड निघालं.

मॅडम पायरीवर लय येळ बसल्या. मंग मला मुठीत गच्च धरून म्हणल्या, "पथक बंद होऊ देणार न्हाई मी. पोरगी कोण, ते मला ठाऊक हाय, पाण्याला एकटीच उठलती. पण नाव मी घेणार न्हाई. तिनंच घ्यायचं."

जून उजाडला. पहिल्याच परिपाठाला हेडसरनी इचारलं, "मॅडम, नाव मिळालं का?"

मॅडमनी नाव सांगितलं न्हाई. त्या पायऱ्यांची गोष्ट तेवढी सांगितली, हळू आवाजात, पोरींकडं बघत. मंग गप झाल्या.

मला पाय असते तर मीच म्होरं झाले असते. पण शिट्टीचं कसं, दुसऱ्याच्या दमाशिवाय तिचं काई चालत न्हाई. लोकहो, कुणाला तोंड उघडायला लावायचं तर दटावू नका, जरा थांबून बघा. आमच्या मॅडमसारखं.

भक्ती अंगठ्यानं माती उकरायली होती. "गप बस ना, कुणाला कळतंय!" अर्पिता मागून कुजबुजली.

"तूच गप," म्हणून भक्ती ओळीतून भायेर आली. थेट हेडसरच्या म्होरं.

"काय गं?"

"शिट्टी मी वाजवली सर. शिक्षा मला करा, पथकाला नको."

हेडसरनी खिशातला पेन काढला. "नाव?"

भक्ती टाचा जुळवून ताठ उभी राहिली.

"भक्ती माणिकराव रणेर. पूर्ण लिहा, सर."