पोटात अडकलेला दहावा फॉर्म

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, माझा जीव फार उतावळा आहे. ट्रंका बनवणाऱ्या एका कारागिराने मला उरल्यासुरल्या पत्र्यातून ठोकून काढलं. घाईघाईत त्याने माझं तोंडही तिरकंच कापलं. पहिली सात वर्षं मी विद्यापीठाच्या जिन्याखाली तक्रारपेटी म्हणून काढली. तक्रारी पडायच्या, पण माझं कुलूप उघडायला कुणी फिरकायचं नाही. सगळ्यांचं पोटात ठेवायचं आणि गप्प बसायचं. काय वैताग होता तो!

मग नवा नियम आला. प्रत्येक विद्यार्थ्याने एक विषय दुसऱ्या विभागाचा घ्यायचा. शेतीवाल्याने नाटक शिकावं, गणितवाल्याने स्वयंपाकघरातलं रसायनशास्त्र. मला हिरवा रंग लागला, ऑफिसच्या दारात स्टूल मिळालं आणि विषयनिवडीचे फॉर्म माझ्यात पडू लागले. एकदा कुलगुरू जाता जाता माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "कामाची आहे हो ही पेटी!" आठवडाभर मी हवेत होते.

पण ही मुलं! फॉर्म अर्धा आत सरकवायचा आणि पुन्हा ओढून घ्यायचा. "थांब, ती काय घेतेय बघून येतो." "बाबांना एक फोन करतो." अरे, ठरवा की एकदाचं! त्या ओढाताणीत माझ्या तोंडाचा रंग पार उडाला.

यंदा शेवटच्या दिवशी नर्सिंगची एक मुलगी धापा टाकत आली. तिचं हे शेवटचं वर्ष. तिला शिक्षणशास्त्र विभागाचा 'खुणांची भाषा' हा विषय हवा होता. फॉर्मवर फोटो चिकटवता चिकटवता ती मैत्रिणीला सांगत होती, "वॉर्डात एक काका होते, त्यांना ऐकू-बोलता येत नव्हतं. पोटावर हात ठेवून सारखं काहीतरी सांगत होते. मला वाटलं, भूक लागलीये. मी त्यांना बिस्किटं दिली गं! आणि त्यांना दुखत होतं."

पाचला दोनच मिनिटं उरली होती. डिंक वाळायची वाट न बघता तिने फॉर्म माझ्यात ढकलला. झालं! तो खाली पडलाच नाही. माझ्या आतल्या बाजूला चिकटून बसला.

ऑफिसच्या बाईंची एक पद्धत होती. कुलूप काढायचं, मला उलटं करायचं, बुडावर दोन थापा मारायच्या आणि पडतील ते फॉर्म मोजायचे. थापा बसल्या, पण तो फॉर्म ढिम्म हलला नाही. विषय चालायला दहा विद्यार्थी लागतात. खुणांच्या भाषेचे निघाले नऊ. दुसऱ्या दिवशी भिंतीवर यादी लागली. खुणांची भाषा: रद्द.

मुलगी धावत आली. "मॅडम, मी फॉर्म टाकला होता."

"सगळे असंच म्हणतात. पुढच्या वर्षी घे."

"पुढच्या वर्षी मी वॉर्डात असेन, मॅडम!"

बाई वाईट नाहीत हो. पण पुढ्यात तीनशे फॉर्म आणि दारात ही रांग. त्यांनी मान वर केली नाही. इकडे माझी नुसती तळमळ. दहावा फॉर्म माझ्या पोटात आहे, हे फक्त मला ठाऊक, आणि मला सांगता येईना! स्टुलावरून धाडकन पडावंसं वाटलं, पण तेही कुणी धक्का दिल्याशिवाय जमत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि तशीच परत गेली. तिसऱ्या दिवशी याद्या वरच्या मजल्यावर सह्यांना जाणार होत्या. एकदा सही झाली की संपलं.

त्या दिवशी ती आली तेव्हा वाद घालायला आली नव्हती. हळूच म्हणाली, "मॅडम, फोटोचा डिंक ओला होता. आत कुठे चिकटला असेल का?"

बाईंचा पेन थांबला. "अगं बाई!" म्हणत त्या उठल्या, कुलूप काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. टर्रकन फॉर्म निघाला, पण फोटो माझ्याच अंगाला चिकटून राहिला.

शिपाईकाका मागून म्हणाले, "बाई, बिनफोटोचा फॉर्म बाद होतो." माझा तर जीवच खाली-वर झाला.

बाईंनी फॉर्म पाहिला, मग मुलीकडे पाहिलं. "फोटो कशाला, काका? चेहरा तीन दिवस समोर उभा आहे. मीच बघितला नाही." त्यांनी यादीवरचं 'रद्द' खोडलं. मुलगी रडायलाच लागली. बाईंनी स्वतःची पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

आता बाई दरवेळी आत हात फिरवून बघतात. तो फोटो अजून माझ्याजवळच आहे.

मित्रांनो, मला नवा रंग नाही दिलात तरी चालेल, गंजले तर गंजले. पण मला उलटं करून, दोन थापा मारून मोकळे होऊ नका. काही पडलं नाही म्हणजे आत काही नव्हतंच, असं धरून चालू नका. आत हात घालून बघा.