विसार परत

छापखान्यात बावीस वर्षं प्रुफं तपासून त्याची नजर अशी झाली होती, की औषधाच्या बाटलीवरही तो डोस बघायच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचा. बायकोच्या माहेरी त्याला 'काना-मात्रा' म्हणत. तोंडावर नव्हे; पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

घर घ्यायचं ठरलं तेव्हा ओळखीतून एक दलाल मिळाला. सगळे त्याला मामा म्हणत. हा लोकांना मामा बनवतो म्हणून ते नाव पडलंय, हे कुणी सांगितलं नाही. मामानं दाखवलेल्या घरात दोन खोल्या होत्या, लांबट स्वयंपाकघर होतं आणि सकाळभर उजेड येणारी बाल्कनी होती. बायको त्या बाल्कनीत गेली ती आत यायचं नाव घेईना. मालक म्हातारे आहेत, मुलाकडे परदेशी असतात, सह्या करून गेलेत, असं मामानं सांगितलं. "उद्या दुसरा कुणी उचलेल," असंही म्हणाला. काना-मात्रानं जमवलेल्यातली अर्धी रक्कम विसार म्हणून देऊन टाकली.

रविवारी तो पडद्यांसाठी खिडक्या मोजायला गेला. तळमजल्यावरची बाई कपडे वाळत घालत होती.

"आजोबांचं घर घेताय होय? देवमाणूस. जाऊन वर्ष होईल आता."

"कुठे जाऊन?"

बाईनं चिमटा तोंडातून काढला आणि त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

घरी येऊन त्यानं कागद पसरले. म्हाताऱ्याची सही दोन महिन्यांपूर्वीची होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते मामाच्या टेबलावर टाकले, तर मामा मुळीच गडबडला नाही. त्यानं पंखा वाढवला, पाणी पुढं केलं.

"मी पोलिसांत जातो," काना-मात्रा म्हणाला.

"जा की. मग तुमचा पैसा म्हणजे पुरावा. पुरावा किती वर्षं कपाटात पडून राहतो, विचारा कुणालाही."

"माझा विसार परत द्या."

"दिला असता, पण तो पुढं गेला. एक गिऱ्हाईक आणा. त्याची रक्कम आली की तासाभरात तुमची तुमच्या हातात."

"आणि त्या गिऱ्हाइकाचं काय?"

मामा हसला. "त्याला तुमच्यासारखे डोळे नसले म्हणजे झालं."

तो तडक उठला. आठ दिवस त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पीठ मळणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "धाकटी कधीची घर शोधतेय."

त्यानं कागद नीट घडी करून पिशवीत ठेवले.

धाकटी म्हणजे त्याची मेहुणी. शाळेचे गणवेश शिवायची. तिचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. एकाच खोलीत मशीन, पलंग आणि शेगडी. मोठ्या बहिणीनं "आम्हाला ते घर लांब पडतं गं, तुम्ही का नाही घेत?" म्हटलं, तेव्हा धाकटीला रडूच फुटलं.

साडू कागद घेऊन आला. "दादा, तुम्ही एकदा बघा. आम्हाला यातलं ओ का ठो कळत नाही."

काना-मात्रानं चष्मा लावला. पान उलटत गेला. पत्त्यातली एक वेलांटी चुकली होती, ती त्यानं पेन्सिलीनं दुरुस्त केली. सहीपाशी आला. मेहुणी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"ठीक आहे," तो म्हणाला.

मामानं शब्द पाळला. तासाभरात विसार परत. त्यात उरलेले पैसे घालून काना-मात्रानं गावाबाहेर एक लहानसं, पण अस्सल कागदांचं घर घेतलं. प्रत्येक कागद त्यानं तीनदा तपासला.

धाकटीनं सगळे पैसे भरले, वर कर्ज काढलं. चार महिन्यांनी म्हाताऱ्याचा मुलगा आला, पोलीस घेऊन. शिलाई मशीन दोन दिवस जिन्यात पडलं होतं. मामा पळाला, मग सापडला. पैसे सापडले नाहीत. पण चौकीत तो भडाभडा बोलला, आणि कुठलं गिऱ्हाईक कुणी आणलं हेही बोलला.

एका दुपारी मेहुणी दारात उभी राहिली. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत.

"भावोजी, तुम्हाला माहीत होतं?"

बायको पदराला हात पुसत पुढं आली.

"सह्या तुम्ही केल्यात ना? शहाणीसुरती माणसं आहात. आता दुसऱ्याच्या नावानं खडे कशाला फोडतेस?"

"ताई, तुलाही माहीत होतं?"

"आम्ही बुडलो असतो तर तू काय केलं असतंस? चार दिवस हळहळली असतीस."

धाकटी वळली. बायकोनं दार लावलं, कडी घातली आणि ताटं घेतली.

आपल्याला घास गिळवणार नाही, असं काना-मात्राला वाटलं होतं. भूक मात्र सपाटून लागली होती. त्यानं दुसऱ्यांदा भात मागितला.