समुद्रावर निघायच्या दिवशी

इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरात घरचं माणूस समुद्रावर निघालं की त्या दिवशी धुणं काढत नाहीत. कपड्यांबरोबर माणूसही वाहून जातं म्हणतात. एनिडने हा नेम कधीच मोडला नाही. तरी तिच्या नवऱ्याची मासेमारी बोट परत आली नाही, आणि तरीही तिने नेम सोडला नाही. आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

तिच्या मुलीने, हेझलने, लिलावात बोली लावली त्या दिवशीही आईची धुण्याची टोपली तशीच भरलेली होती.

"अगं, मी कुठे बोटीवर चाललेय? कॉम्प्युटरवर एक आकडा टाकायचाय फक्त," हेझल फोनवर हसली.

"पवनचक्क्या समुद्रातच उभ्या राहणार ना? मग झालं तर!"

हेझल पवनचक्क्यांच्या कंपनीत भाव ठरवायची. सरकारचा लिलाव उलटा असतो. पंधरा वर्षं वीज काय भावाने द्याल ते बंद पाकिटासारखं गुपचूप कळवायचं. सगळ्यात कमी मागेल त्याला करार. करार मिळाला, तर कंपनीचा तळ ग्रिम्सबीच्या गोदीत येणार होता. हेझलचा धाकटा भाऊ ट्रेव्हर दूर स्कॉटलंडात, अबर्डीनकडच्या तेलविहिरींवर राबत होता. त्याला घरी यायचं होतं.

दुपारी मुदत संपायच्या आधी त्याचाही फोन आला. "ए शहाणे, जिंकूनच ये हं! मी घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगून बसलोय."

पोलाद महागलं तर चार पैसे हाताशी असावेत म्हणून हेझलने भावात थोडी जागा राखली होती. तो भाव खरा होता, तिला पक्कं ठाऊक होतं. पण इतरांनी काय टाकलंय ते कुणालाच दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याची भीती फार वाईट. तिने ती जागा काढून टाकून भाव उतरवला. साहेबांनी पाठ थोपटली.

करार मिळाला. गोदीत फलक लागला, ट्रेव्हर सामानसुमान घेऊन आला, बोटीवरच्या कामाचं शिक्षण घेऊ लागला. मग पोलाद महागलं, कर्जाचं व्याज चढलं. बांधून बुडण्यापेक्षा करार मोडणं स्वस्त, असं संचालकांनी ठरवलं. त्यांचं काय जातंय!

पाहणीची पहिली बोट ट्रेव्हरला घेऊन सुटायची होती, त्याच सकाळी हेझल घरी आली. ट्रेव्हर नवं केशरी जाकीट चढवून चहा पीत होता. दाराशी टोपली भरलेली होती. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे भाव फारच कमी होता?" ट्रेव्हरने विचारलं.

"हो. मीच पाडला."

"माझ्यासाठी?"

"तुझं नाव कशाला घेऊ? मी घाबरले, ट्रेव्हर."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. हेझलला वाटलं, चार शिव्या तरी द्याव्यात याने.

एनिड उठली. "म्हणजे आज कुणी समुद्रावर जात नाहीये?"

"नाही, आई."

"बोट रद्द? नक्की?"

"नक्की."

तिने टोपली कमरेवर घेतली आणि ट्रेव्हरपुढे हात केला. त्याने जाकीट उतरवून दिलं. त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या, एकही डाग नव्हता. तिने तेही बाकीच्या कपड्यांत टाकलं आणि पाणी सोडलं.