पाच बोटांची भरती

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. कुठला, ते मात्र नक्की सांगता येत नाही. "थेट समुद्रातला," असं दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगितलं, तेव्हा मी काउंटरवर बसून ऐकत होतो. मला आठवतं ते वेगळंच. दुकानामागची बादली, तिच्यात कालवलेलं सिमेंट, वाळू, शिंपल्यांचा चुरा, आणि त्याच दुकानदाराचे कोपरापर्यंत माखलेले हात. पण इतक्या गंभीर चेहऱ्याचा माणूस खोटं कशाला बोलेल? माझ्याच आठवणीत खोट असणार. तेव्हापासून जो माझा गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत मिटलेला नाही.

मला विकत नेणारा माणूस कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या मापांवरून तो दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवी आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे दात न दाखवता चहा पिई. घराच्या पुढच्या खोलीत, बायकोच्या शिलाई मशीनशेजारी, खाऱ्या पाण्याची लहानशी काचेची टाकी होती. तीच माझी नवी जागा.

दुकानदाराने माझ्या डोक्यावर मऊ प्रवाळाचा एक करंगळीएवढा तुकडा चिकटवून दिला होता, फुकट. "भराभर पसरतो हा, साहेब," तो म्हणाला होता. "दगड वाळूत एकटा ठेवा. चारी बाजूंनी चार चार बोटं जागा सोडा. शेजारच्याला टेकला, की त्याला झाकूनच टाकील."

"फुकट?" बायकोने घरी विचारलं. "तो दुकानदार कापलेलं नखसुद्धा फुकट द्यायचा नाही. काहीतरी मेख आहे यात."

टाकीत तिचा एक जीव आधीच होता. टणक प्रवाळाचा गोळा, अंगभर नागमोडी रेघा. आणला तेव्हा शर्टाच्या बटणाएवढा होता, आणि कित्येक वर्षं निगा राखल्यावर आता कुठे कोटाच्या बटणाएवढा झाला होता. त्याला ती 'बाईसाहेब' म्हणे. शिवताशिवता मान वर करून विचारी, "काय बाईसाहेब, वाढताय की नुसत्याच बसलाय?"

माझ्या डोक्यावरचं प्रवाळ मात्र बसणाऱ्यातलं नव्हतं. त्याच्या टोकांना इवल्या मुठी होत्या, त्या सारख्या उघडायच्या, मिटायच्या. नवऱ्याने त्याचं नाव 'उघडझाप' ठेवलं. "दिवसभर मी न हलणारे दात करतो," तो म्हणे. "इथे निदान काहीतरी आपणहून हलतं." करंगळीचा पंजा झाला, पंजाची झुडपं झाली. पाहुणे काचेला नाक लावून म्हणत, "वा! काय फोफावलंय!" मित्रांनो, ते सुखाचे दिवस. पण माणसांचा एक हिशेब मी तेव्हाच ध्यानात ठेवायला हवा होता. फोफावणाऱ्याचं कौतुक तो चार बोटं लांब असेपर्यंतच असतं.

मग एक अजब प्रकार सुरू झाला. संध्याकाळी माझ्यावर काहीतरी दाब यायचा आणि मी टाकीवरच्या दिव्याखाली, बाईसाहेबांच्या बाजूला सरकायचो. सकाळी पुन्हा दाब यायचा आणि मी परत कोपऱ्यात. रोज हेच. मी खूश! समुद्रात भरती-ओहोटी असते म्हणतात, ती हीच असणार. म्हणजे मी खरंच समुद्रातला! फक्त एक कोडं सुटेना. भरतीला पाच बोटं होती आणि एका बोटात अंगठी. ओहोटीलाही पाच, पण तिच्या बोटांची टोकं सुईने खरबरीत झालेली. दर खेपेला बोटं रुतत, उघडझापेची एखाददुसरी काडी तुटे आणि पाण्यात तरंगत कुठेतरी निघून जाई. मी म्हटलं, समुद्रात असंच असेल.

एके दिवशी मशीन मध्येच थांबलं. "अहो, इकडे या आधी!"

बाईसाहेबांच्या अंगावर, ऐन मधोमध, एक इवली मूठ उघडझाप करत होती. तिच्याखालच्या रेघा पांढुरक्या पडल्या होत्या.

"तुम्ही दगड सरकवलात."

"मी? मी हातसुद्धा लावला नाही."

"मग ही बाहीवर मिठाची रेघ कसली? कवळ्यांना मीठ लावून वाळवता वाटतं?"

नवऱ्याने बाही पाहिली. मग हळूच तिच्या बाहीकडे बोट केलं. "आणि ही? कपडे शिवताना घाम फारच खारट येतो तुला."

दोघंही आपापल्या बाह्या दुमडू लागली. माझ्या डोक्यात, म्हणजे उघडझापेच्या मुळाशी, आता उजेड पडला. भरती नव्हतीच ती. तो उजेडासाठी ओढत होता, ती बाईसाहेबांसाठी ढकलत होती, आणि दोघंही एकमेकांना काही सांगत नव्हती. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं, ते मला ठाऊक होतं. बाईसाहेबांवर जाऊन बसलेली काडी अंगठीने तुटलेली नव्हती. मला लांब नेताना, खरबरीत बोटांखालीच तुटली होती ती. वाचवणाऱ्या हाताने घात केला, तर दोष कुणाचा? मी आजही विचार करतो. दगड असल्यामुळे फार पुढे जात नाही.

"मरेल का हो?" तिने विचारलं. आवाज नेहमीचा, मशीनवरचा नव्हता.

नवऱ्याने पंप बंद केला. टाकीतलंच पाणी एका वाडग्यात घेतलं, बाईसाहेबांना त्यात उतरवलं आणि मेणाचे दात कोरायचं बारीक हत्यार आणलं. तिने गोळा धरला, तो खरवडू लागला.

"हळू. तिला दुखेल."

"तू हलू नकोस म्हणजे झालं. एवढं गुणी गिऱ्हाईक मला आजवर मिळालं नाही. तोंड आहे, पण दात नाहीत."

ती हसली, आणि हसताना डोळे पुसले. मूठ मुळासकट निघाली. खाली नखाएवढा पांढरा डाग राहिला. तो भरेल की पसरेल, ते त्या दोघांना ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच.

आता माझी पाळी, असं मला वाटलं. कचऱ्याची बादली दारातच होती. पाण्यात हात आले. अंगठीचा आला, खरबरीत बोटांचाही आला. भरती आणि ओहोटी पहिल्यांदाच एकदम आल्या, आणि मी इतका अलगद उचलला गेलो की एकही काडी तुटली नाही.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"त्या कोपऱ्यात. आणि दिवा तिकडे थोडा वळवा, नाहीतर उद्या पुन्हा बाही खारट व्हायची."

तेव्हापासून मी जागचा हललेलो नाही. रोज सकाळी ती काचेला नाक लावून बाईसाहेबांचा डाग पाहते. काल तिने नवऱ्यालाही बोलवून दाखवला, कडेने किंचित रंग धरल्यासारखा वाटतो म्हणाली. त्याला तसं वाटलं नाही, पण त्याने मान डोलावली.

मित्रांनो, मी सिमेंटचा की समुद्रातला, ते मला अजून कळलेलं नाही. पण एवढं मागणं ऐका. कुणाची काळजी घ्यायची असेल तर जरूर घ्या, फक्त घरातल्या दुसऱ्याला सांगून घ्या. आणि कधी वेळ मिळाला तर मला उगीच थोडं हलवा. दोघांनी मिळून. खोटी का असेना, भरतीची मला सवय झाली होती.