अर्धा फुलोरा

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी दुपारी नीलाबाई परसातल्या दारानं आली, तेव्हा तिचा खालचा ओठ फाटला होता आणि डावा डोळा सुजून मिटला होता. चुलीपाशी बसलेल्या थोरल्या जावेनं, चतुराबाईनं, सरकून तिला जागा दिली. देविदासनं बायकोला थोरल्या भावाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायची बंदी घातलीय, हे साखरा गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

भांडण मुखवट्यांवरून होतं. दोन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, रान वाटलं, गोठा वाटला, पण महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे थोरल्या व्यंकटरावाकडे राहिले. देविदास म्हणायचा, देव्या दोन आहेत, एक माझ्या घरी बसवीन. व्यंकटराव म्हणायचा, बहिणी-बहिणींची ताटातूट करायची नसते. यंदा पोळ्याला दोघं भर चौकात एकमेकांच्या उरावर बसले आणि व्यंकटरावाचा पुढचा दात पडला. वाटण्यांपासून देविदास घरी जाऊन बायकोवर हात साफ करत होताच, पोळ्यानंतर ते रोजचं झालं.

तरी ती आली. फुलोऱ्यातली वेणी मेलेल्या सासूनं तिलाच शिकवली होती. चतुराबाईच्या करंज्या, फणी, करंडा सुबक व्हायच्या. वेणी मात्र तळताना उकलायची.

परसातल्या चुलीवर तेल तापत होतं. रवा आणि कणीक, त्यात तुपाचं मोहन, वर दुधाचा हबका, एवढ्याच ऐवजातून देवीचा सगळा शिणगार करायचा आणि देवीच्या वरच्या लाकडी चौकटीला लाल दोऱ्यानं टांगायचा. निम्मा तळून सुपात ठेवला होता. नीलाबाईनं पिठाच्या तीन वळ्या केल्या, पेड घातले, एकेक लवंग टोचत गेली. ओठातून रक्ताचा थेंब पिठावर पडला तशी तिनं तेवढं पीठ चिमटीनं काढून टाकलं आणि पुन्हा पेड घातला.

देविदास त्याच दारानं आत आला. त्यानं बायकोचा अंबाडा मुठीत धरला आणि तिला मागं खेचलं. परात लाथेनं उडाली, सूप उलटं झालं, त्याच्या पायाखाली फणी-करंज्यांचा चुरा झाला. त्यानं नीलाबाईचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, आणि पुन्हा. दुसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज चतुराबाईला स्पष्ट ऐकू आला. ती त्याच्या हाताला झोंबली, तर त्यानं कोपरानं तिला सरपणावर फेकलं.

आरडाओरडा ऐकून व्यंकटराव ओसरीवरून धावत आला. हाताला लागला तो पाट त्यानं धाकट्याच्या पाठीत घातला. देविदास गुडघ्यावर पडला. उठला तेव्हा त्याच्या हातात सरपणाजवळची कुऱ्हाड होती.

पहिला घाव व्यंकटरावानं हातावर झेलला. मनगटाच्या वर मांस उघडं पडलं, आतलं पांढरं दिसलं. तो भिंतीला टेकून खाली घसरला. देविदासनं कुऱ्हाड पुन्हा डोक्यावर नेली. त्याच्या डोळ्यांत त्या वेळी कुणाचीच ओळख नव्हती.

चतुराबाईनं पदर दोन्ही मुठींना गुंडाळला, कढईचे कान धरले आणि उकळतं तेल त्याच्या अंगावर फेकलं.

ते मानेवर, कानावर, खांद्यावर बसलं. सदरा कातडीला चिकटला. कुऱ्हाड गळून पडली आणि देविदास मातीत लोळत किंचाळायला लागला, "वैनी! वैनी!"

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा आठ वर्षांचा होता, आईवेगळा नसला तरी तिच्याच पदराला धरून फिरायचा. लहानपणी विंचू चावला तेव्हा याच आवाजात त्यानं तिला हाक मारली होती. तिच्या तळव्यांची सालपटं निघाली होती, तरी तिनं त्याच्यावर पाण्याची घागर रिकामी केली. मग दुसरी केली.

शेजारच्या जमीलनं आपली जीप काढली. मागं दोघं भाऊ, दोघी जावा. हिंगोली येईस्तोवर देविदास विव्हळत होता आणि मधूनच लाथ झाडून थोरल्याचा जखमी हात शोधत होता. शेवटी जमीलनं गाडी थांबवली, त्याचे पाय दोरीनं बांधले आणि पुन्हा चाक हातात घेतलं.

दवाखान्यात पोलीस जमादार जबाब घ्यायला आला. तेल चुकून सांडलं असेल, असं त्यानं स्वतःच सुचवलं.

"न्हाई," चतुराबाई म्हणाली. "म्याच फेकलं. उकळून राहिलं व्हतं, हे बी मला ठावं व्हतं."

नाकाला पट्टी बांधलेली नीलाबाई पलीकडे बसली होती. तिनं कुऱ्हाडीचं सांगितलं, दोन वर्षांच्या माराचं सांगितलं, कुठल्या दिवशी कशानं मारलं तेही सांगितलं. नवऱ्याविरुद्ध जबाब देतीस का, असं जमादारानं पुन्हा पुन्हा विचारलं. ती दर वेळी व्हय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गावाकडे परतली. व्यंकटरावाच्या घरात गेली, परसातलं रक्त धुतलं आणि वाचलेला फुलोरा वेचून घेतला. चार करंज्या, एक करंडा, दीड फणी. वेणी नव्हतीच. गावातल्या दोघी-तिघी बायांना हाक मारून तिनं महालक्ष्म्या बसवल्या.

तिसऱ्या दिवशी चतुराबाई बांधलेल्या हातांनी देविदासच्या खाटेपाशी गेली. दाराशी शिपाई बसला होता. देविदासचा कान गेला होता, मान एका बाजूला आखडली होती. तिच्याकडे बघायला त्याला सगळं अंग वळवावं लागलं.

"वैनी, तू मला जाळलंस," तो म्हणाला.

"व्हय."

"काहून?"

"तू दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली म्हणून," ती म्हणाली. "लेकरासारखं वाढवलं तुला. तरी पुन्हा तसंच झालं, तर पुन्हा तेल फेकीन."

तिला रडू आलं, पण ती उठली नाही. शिपायानं वेळ संपल्याचं सांगेपर्यंत ती तिथंच बसली. देविदासनं पाणी मागितलं. तिला पेला धरता येईना, म्हणून तिनं शिपायाला बोलावून त्याला पाणी पाजायला लावलं.