फोनवरून केलेलं कॅरॅमल

शनिवारी दुपारी स्वानंदी सायकल घेऊन बाहेर पडली आणि मी साखरेचा डबा काढला. ती तासाभरात येणार होती. तेवढ्यात मला कॅरॅमल करून, गार करून, त्याची कॉफी मिक्सरमधून काढून टेबलावर ठेवायची होती.

स्वानंदी माझी मुलगी. अठरा वर्षांची. जूनमध्ये तिची शाळा संपली, चांगल्या मार्कांनी पास झाली. इकडे डच लोकांत मूल पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि झेंड्याच्या काठीला त्याचं दप्तर अडकवतात. आमच्या न्यूनेनच्या गल्लीत तीन घरांवर तशी दप्तरं लटकत होती, चौथं मी लटकवलं. तिला इथून तीन तासांवरच्या ग्रोनिंगनच्या विद्यापीठात खगोलशास्त्राला प्रवेश मिळाला होता. राहायला खोलीही मिळाली होती, आणि खोली मिळणं हे प्रवेशापेक्षा अवघड आहे. हो की नाही ते रविवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं. स्वानंदी ‘नाही’ असं कळवणार होती. इथेच आइंडहोवनला काहीतरी शिकते, रोज सायकलने जाऊन येते, असं तिने मला भांडी पुसता पुसता सांगितलं. आकाशातले तारे इथूनही दिसतात म्हणाली. इथे बहुतेक वेळा ढग असतात हे मी तिला म्हणालो नाही.

तिची आई सुनेत्रा नोव्हेंबरमध्ये गेली. आजार चार महिन्यांचा. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. मी डिप्लोमावाला माणूस, चिंचवडच्या कारखान्यातून इकडे आलो. मोठ्या यंत्रांचे भाग जोडायचे आणि तपासायचे, हे माझं काम. घरचं सगळं सुनेत्रा बघायची. मला वरण-भात येतो, अंडी उकडता येतात. मे महिन्यात स्वानंदी शाळेच्या सहलीला चार दिवस बर्लिनला गेली. परत आली तर फ्रिजमधली ब्रेडची पिशवी तिने ठेवली तशीच होती. ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवलो, असं मी सांगितलं. ग्रोनिंगनचं बोलणं तिने तेव्हापासून बंद केलं.

म्हणून मला तिला दाखवायचं होतं की मी स्वयंपाकघर सांभाळू शकतो. वरण-भाताने ते सिद्ध होणार नव्हतं. सुनेत्रा उन्हाळा लागला की कॅरॅमलची गार कॉफी करायची. कॅरॅमल घरी करायची, कॉफीचाच बर्फ जमवायची आणि दुधाबरोबर मिक्सरमधून फिरवायची. साध्या बर्फाने कॉफी पाणचट होते, असं तिचं म्हणणं. मागच्या उन्हाळ्यानंतर स्वानंदी ती प्यायली नव्हती. कॉफीचा बर्फ मी आदल्या दिवशीच लावून ठेवला. सकाळी पुण्याहून माझ्या बहिणीचा, मंजूषाचा फोन आला तेव्हा बोलता बोलता तिला हे सांगितलं. वर्ष व्हायच्या आत घरात गोडधोड करत नाहीत, याची तिने आठवण करून दिली. मग जरा थांबली आणि म्हणाली, कॉफी काही गोडधोडात धरत नाहीत. कर तू.

सुनेत्राने काही लिहून ठेवलं नव्हतं. कॅरॅमल म्हणजे शेवटी साखरेचा पाकच, असा मी विचार केला. पाक मी पाहिलेला होता. माझी आई रव्याच्या लाडवांना करायची. साखर, त्यात निम्मं पाणी, आणि सारखं ढवळत राहायचं. मीही तसंच केलं. बराच वेळ काही होईना, कडेला साखरेचे खडे परत जमायला लागले. मी आच वाढवली आणि जोरात ढवळलं. मग एका बाजूने ते एकदम तपकिरी झालं. झालं की नाही हे बघायला आई चमच्यावरचा थेंब अंगठा आणि बोटात धरायची, बोटं लांब करायची आणि तार मोजायची. मीही तो थेंब अंगठा आणि बोटात धरला.

लाडवाचा पाक शंभर अंशांच्या जरा वर असतो. कॅरॅमल पावणेदोनशेच्या आसपास. रोज कामावर तापमान मोजणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं. पाक बोटांना चिकटला आणि सुटेना. मी ओरडलो, चमचा खाली पडला, आणि त्याच वेळी मागचं दार उघडून स्वानंदी आत आली.

तिने आधी गॅस बंद केला. मग माझा हात धरून नळाखाली नेला. पाणी गार नको, कोमट हवं आणि वीस मिनिटं, हे तिला शाळेत शिकवलेलं. दोन मिनिटांनी मी हात काढायला गेलो तर तिने मनगट घट्ट धरलं. घड्याळ समोर भिंतीवर होतं. वीस मिनिटं आम्ही दोघं सिंकसमोर उभे होतो. सुनेत्रा गेल्यापासून इतका वेळ आम्ही एका जागी उभे राहिलो नव्हतो.

"म्हणूनच," ती म्हणाली.

"म्हणूनच काय?"

"म्हणूनच मी जात नाहीये."

बोट कोणाचंही भाजतं, असं मी म्हणालो. तिने मान हलवली.

"मे महिन्यात ब्रेड तसाच होता, बाबा. मी स्लाइस मोजले. तू खोटं बोललास."

"हो."

"कँटीन त्या आठवड्यात बंद होतं. सुट्टी होती सगळ्यांना."

हे खोटं बोलताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खोटं बोलायचं तर सुट्ट्या बघून बोलावं, असं तीच पुढे म्हणाली, आणि मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिने ते दाबलं.

मग मी तिला खरं सांगितलं. भूक लागत नव्हती. बिस्किटं खाल्ली, चहा प्यायलो. ती घरात असते तेव्हाही भूक लागत नाही, तिच्यासमोर जेवायचं म्हणून जेवतो.

"तू इथे राहिलीस म्हणून मला भूक लागेल असं नाही," मी म्हणालो. "तू फक्त रोज बघशील, मी जेवलो का ते. चार वर्षं तेच करशील. ते तुझं काम नाही. माझं आहे."

तिने नळ जरा बारीक केला. नंतर विचारलं, हे कॅरॅमलच का करायला घेतलंस. तिला आवडतं म्हणून, असं मी सांगितलं.

"मला आईचं आवडतं."

"ते मला येणार नाही. मला कसं येतं ते बघू."

वीस मिनिटं झाली. तिने बोटांवर ओलं फडकं गुंडाळलं आणि पातेल्याकडे हात नेला. मी करते, तू बस, म्हणाली. तेव्हा मला कामावरची पद्धत आठवली. आमच्याकडे महागडा भाग बसवायचा असेल तर एकट्याने करायचं नाही असा नियम आहे. एकाने पायरी सांगायची, दुसऱ्याने ती करायची आणि मोठ्याने बोलून दाखवायची. सांगणाऱ्याने कशाला हात लावायचा नाही. तो यंत्रापाशी नसतोही, बाहेरच्या खोलीत बसतो, कानाला हेडफोन लावून.

मी स्वानंदीला विचारलं, आई कशी करायची ते तुला आठवतं का. तिला सगळं आठवत होतं. लहानपणापासून ती ओट्याशी उभी राहून बघत आलेली. मग मी तिला म्हणालो, वर तुझ्या खोलीत जा, दार लाव आणि मला फोन कर. ग्रोनिंगनला आहेस असं समज.

"वेडा आहेस का तू?"

"जा. व्हिडिओ नको. नुसता फोन."

ती गेली. जिन्यावर पाय आपटत गेली, पण गेली. फोन वाजला. मी तो खिडकीत ठेवला आणि स्पीकर लावला.

पातेलं बदल, म्हणाली, जाड बुडाचं घे. पाणी अजिबात नको. नुसती साखर पसर. आच मंद. आणि चमचा दूर ठेव, आई कधी ढवळायची नाही, पातेलंच हातात धरून गोल फिरवायची. लोणी आणि क्रीम आधीच काढून ठेव, नंतर शोधायला वेळ मिळत नाही. एकेक गोष्ट मी केली आणि मोठ्याने सांगितली. डाव्या हाताने सगळं सावकाश होत होतं. कडेची साखर विरघळायला लागली. मी पातेलं फिरवलं.

"रंग सांग," फोनमधून आवाज आला.

"चहासारखा."

"कुठल्या चहासारखा? तुझ्या चहाला रंग नसतो."

मी नीट बघितलं. "नवीन मशीन ऑइलसारखा."

"ई. बरं. अजून थांब."

मी थांबलो. पातेलं फिरवलं. आता त्याला वास यायला लागला होता, आणि तो वास मला माहीत होता. फोनवरून तिनेच विचारलं, वास आला का. आला, म्हणालो.

"आता रंग?"

"ऑइल महिनाभर वापरलंय."

"बंद कर. लगेच. लोणी टाक. आता क्रीम, थोडं थोडं. ते जोरात उसळेल, बाबा, घाबरून पातेलं सोडू नकोस."

ते खरंच उसळून काठापर्यंत आलं. मी पातेलं सोडलं नाही. मग ते आपोआप खाली बसलं, मी चिमूटभर मीठ घातलं आणि ढवळलं. आता ढवळायची परवानगी होती. पातेल्यात चमकदार तपकिरी, दाटसर काहीतरी तयार झालं होतं. झालं, असं मी सांगितलं. पातेलं गार पाण्यात ठेव आणि मिक्सरचं मोठं भांडं घे, म्हणाली. छोट्या भांड्याला लसणीचा वास आहे. मी छोटंच काढलेलं होतं. ते गुपचूप परत ठेवलं.

"छोटं ठेवलंस ना परत?"

"हो."

ती खाली आली तेव्हा दोन ग्लास टेबलावर होते. कॉफीचा बर्फ, दूध आणि कॅरॅमल एकत्र फिरवलेलं, वरून क्रीम, त्यावर कॅरॅमलची एक वाकडी धार. तिने एक घोट घेतला, परत एक घेतला.

"आईची याच्यापेक्षा गोड असायची."

"हो. जरा जास्त जळलं माझं."

"वाईट नाहीये," ती म्हणाली, आणि तळाला राहिलेलं चमच्याने खरवडून खाल्लं. मीही माझा ग्लास संपवला. संपवल्यावर मला काहीतरी खावंसं वाटलं. टोस्टरमध्ये दोन स्लाइस घातले, लोणी लावलं आणि उभ्या उभ्याच खाल्ले. स्वानंदीने ते पाहिलं. आणखी दोन घाल, मला पण, एवढंच म्हणाली.

मी पहिल्या पातेल्यातला जळका दगड सुटावा म्हणून त्यात गरम पाणी ओतत होतो. ती लॅपटॉप घेऊन आली आणि टेबलाशीच बसली. रविवारचे सहा वाजायला अजून एक दिवस होता. तिने दर रविवारी फोन करणार असं सांगितलं. मी फक्त रविवारी का, असं विचारलं. मग बुधवारी पण, म्हणाली, आणि काय केलंस खायला ते खरं सांगायचं. मी कबूल केलं. खोलीचा फॉर्म तीन पानांचा होता. ती भराभर भरत होती. दुसऱ्या पानावर तिची बोटं थांबली.

"काही झालं तर कोणाला कळवायचं, असं विचारलंय," ती म्हणाली. "मला आईचाच नंबर पाठ आहे. तुझा कधी पाठ केला नाही."

मी हात पुसले आणि तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. शून्य सहा, म्हणालो, आणि पुढचे आकडे एकेक करून सांगितले. तिने ते लिहिले, मग पडद्यावरून नजर काढून एकदा तोंडाने म्हणून पाहिले. शेवटचे दोन चुकले. मी परत सांगितले.