दुखवट्यातला नाच

चूक माझीच. कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीतली बाई म्हणाली, "कलेचा एक विषय राहिलाय तुमचा." मी म्हटलं, "नृत्य-परिचय द्या." परिचय म्हणजे बाकावर बसून चित्रं बघायची, असं मला वाटलं. समाजशास्त्र-परिचयात तसंच तर चालतं! पहिल्या दिवशी दार उघडते तर भिंतीभर आरसे, बाक एकही नाही आणि वीस पोरंपोरी अनवाणी. त्यांच्यात मी, डेल्फिना ओरोस्को, वय सेहेचाळीस, नखशिखांत काळ्या कपड्यात.

माझा नवरा रोहेलिओ जाऊन सात महिने झाले होते. आम्ही मूळची मेक्सिकोतल्या मिचोआकानची माणसं. वर्षभर काळं घालायचं, घरात रेडिओ बंद, नाचाचं तर नावच काढायचं नाही. त्यात घरात सासू, एर्मिनिया; सगळं गाव त्यांना मानानं 'दोन्या' म्हणतं. विषय बदलून मागितला, तर बाकीचे वर्ग भरलेले. हा सुटला तर मे महिन्यात पदवी नाही, शाळेतली नोकरी नाही, पुन्हा पीचच्या शेडमध्ये फळं निवडत उभी. वीस वर्षं उभी राहिलेय, आता पुरे झालं!

मी भिंतीला टेकून दुसऱ्यांच्या नाचाची टिपणं काढत बसायची. तीन वेळा चाललं. मग नाच शिकवणाऱ्या विल्कॉक्सबाई म्हणाल्या, "डेल्फिना, ही सवलत पाय मुरगळलेल्यांसाठी आहे. शेवटच्या दिवशी दोन मिनिटं एकटीनं नाचायचंय. नाहीतर मी पास करू शकत नाही." बाई चांगल्या, पण मला इतका राग आला की गाडीत बसून रडले.

त्याच आठवड्यात समाजशास्त्राच्या सरांनी काम दिलं: घरातली एक रूढी घ्या आणि वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल विचारा. रविवारी दुपारी सासूबाई परातीत सुका घेवडा निवडत होत्या. मी वही घेऊन समोर बसले.

"सासूबाई, मामंजी गेले तेव्हा तुम्ही दुखवटा किती दिवस पाळला?"

"दिवस?" त्या हसल्या. "अगं, नऊ वर्षं. एकोणतिसाव्या वर्षी काळं घातलं. वर्ष झाल्यावर निळा झगा घातला, तर माझी सासू म्हणाली, एवढ्यात विसरलीस? पुन्हा काळं."

"मग सोडलं कधी?"

"ती मेली तेव्हा. मग तिचं एक वर्ष." घेवड्यातला खडा त्यांनी बाजूला काढला. "पण तू हे का विचारतेयस? चेहरा असा चोरासारखा का झालाय?"

मला खोटं बोलता येत नाही. सगळं सांगून टाकलं. त्या हातातली परात ठेवून खोलीत निघून गेल्या. दोन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. मीही मनात म्हटलं, जाऊ दे ती पदवी, म्हातारीचा मुलगा गेलाय.

नाचाच्या वर्गाच्या शेवटच्या दिवशी, निदान बाईंना सांगून यावं म्हणून गाडी काढायला गेले, तर सासूबाई पुढच्या सीटवर बसलेल्या. "चल," एवढंच म्हणाल्या. नाचू नको म्हणून सांगायला येतायत की काय, मला कळेना.

माझं नाव पुकारलं. गाणं सुरू झालं. मी मधोमध उभी, खांद्यावर काळी शाल, आणि पाय जागचे हलेनात. आरशात सासूबाई दिसत होत्या. त्या उठल्या, सरळ माझ्याकडे आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल काढली आणि स्वतःच्या शालीवर गुंडाळून घेतली.

"दोघींचा दुखवटा मी धरते," त्या म्हणाल्या. "मी त्याची आई आहे, मला पेलेल. तू नाच पोरी. मला त्या वेळी असं कुणी सांगितलं नव्हतं."

मी नाचले. धड ताल नाही, धड पाऊल नाही, डोळ्यांतलं पाणी थांबेना. रोहेलिओ असता तर पोट धरून हसला असता. पण पाय मी थांबवले नाहीत, गाणं संपेपर्यंत.